सलाइन डाव्या हाताला लावून घ्या: हॉस्पिटलच्या बेडवरून काम सांभाळायचं कसं

मी जुळे सोलापुरात राहते, घरूनच अकाउंट्सचं आणि जीएसटीचं काम करते. ३२ पार्ट्या आहेत, टॉवेल-चादरीवाले जास्त, बाकी किराणा आणि दोन ट्रान्सपोर्टवाले. गेल्या ऑगस्टमध्ये ४ तारखेला रात्री थंडी वाजून ताप भरला, दोन-तीन दिवस अंगावर काढला, ८ ला सकाळी रिपोर्ट आला तर डेंग्यू, प्लेटलेट ६४ हजार, डॉक्टर म्हणाले आजच अॅडमिट व्हा. आता ८ तारीख म्हणजे काय ते आमच्या लाइनमधल्यांना सांगायला नको, ११ ला जीएसटीआर-१ ची, म्हणजे महिन्याच्या विक्रीच्या बिलांच्या रिटर्नची, शेवटची तारीख असते. मी सहा दिवस बेडवर होते आणि तिथून कामं केली, काही बरोबर केली, एक चूक फार मोठी केली. तुमचं काम वेगळं असेल, ऑनलाइन क्लास, डिझाइन, कॉल सेंटर काहीही, पण बेड तोच असतो, म्हणून जे कळलं ते सगळं लिहितेय.

सगळ्यात आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा की मी रोज थोडा वेळ लॅपटॉप बघितला तर चालेल का. लाजायचं नाही. ते नाही म्हणाले तर नाही, मग पुढचं सगळं तुमच्याऐवजी दुसऱ्यानं करायचं. आयसीयूत असाल तर प्रश्नच नाही, फोन घरच्यांकडे देऊन टाका.

हो म्हणाले तर कामाची वाटणी करा, आणि ती अॅडमिट व्हायच्या आधी रिक्षातच करा, कारण नंतर ताप चढला की डोकं चालत नाही. मी एकच प्रश्न लावला, हे आठ दिवस नाही झालं तर कुणाचे पैसे जातील का? माझ्या ३२ पैकी २३ पार्ट्या तिमाहीला रिटर्न भरणाऱ्या, जुलैचं त्यांचं काही अडत नव्हतं, ज्यांना बिलं आधी दाखवायची असतात त्यांच्यासाठी १३ तारखेपर्यंत आयएफएफची, म्हणजे तिमाही संपायच्या आधीच बिलं चढवायची, सोय असते आणि टॅक्सचं चलन २५ पर्यंत भरता येतं. राहिल्या ९, दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्या. त्यांचं जीएसटीआर-१ जर ११ च्या आत गेलं तर १४ ला माल घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या २बी मध्ये, म्हणजे त्याच्या खरेदीच्या यादीत, बिल दिसतं, नाही गेलं तर त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या टॅक्सची वजावट, महिनाभर लांबतं आणि मग तो आपल्या पार्टीचं पेमेंट अडवून धरतो. म्हणजे खरं काम ९ फाइलींचं होतं. ३२ चा डोंगर डोक्यावर घेऊन मी घरून निघाले होते आणि सात रस्ता चौकात पोचेपर्यंत ९ वर आले, तिथंच निम्मा जीव हलका झाला. तुमच्याही कामात असंच निघेल, खरोखर तारीख असलेलं काम फार थोडं असतं, बाकीची आपल्याला नुसती सवय असते.

मग मेसेज. "तब्येत बरी नाही, उशीर होईल" असलं मोघम लिहू नका, त्याला उत्तर म्हणून दहा फोन येतात. मी नऊ जणांना हे पाठवलं: "नमस्कार, मला डेंग्यू झालाय, अॅडमिट आहे. तुमचं जुलैचं जीएसटीआर-१ मी १० तारखेला दुपारी १२ ते १ मध्ये भरणार आहे. त्या वेळेत फोन जवळ ठेवा, ओटीपी येईल. बाकी काम १८ नंतर. कृपया फोन नको, मेसेज टाका." बास. काय होणार, कधी होणार आणि समोरच्यानं काय करायचं, हे तीन असलं की माणूस निवांत होतो. बाकीच्यांसाठी व्हॉट्सअॅप बिझनेसला अवे मेसेज लावला, जीमेलला पण ऑटो रिप्लाय लावता येतो, दोन मिनिटांचं काम आहे पण आठवणीनं करा.

एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. अशोक चौकातले एक अण्णा आहेत, टॉवेलचा कारखाना आहे, दरवेळी बिलं कॅरीबॅगमध्ये घालून घरी आणून देतात, मोबाइल म्हणजे फक्त बोलायला. त्यांच्या मुलीनं त्या दिवशी टॉवेलवर एकेक बिल सपाट ठेवून ४१ फोटो काढून पाठवले, प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं नंबर टाकलेला, १ ते ४१, म्हणजे मला खाली-वर शोधायला नको. आणि खाली अण्णांचा व्हॉइस मेसेज, "अम्मा, तू आधी बरी हो, बिलं कुठं पळून जात नाहीत." मी रडले खरं सांगायचं तर. लोकांना नीट सांगितलं की लोक सांभाळून घेतात.

आता हाताचं. सिस्टर सलाइनची सुई लावायला येतात तेव्हा आपण घाबरलेलो असतो, जो हात पुढं असेल तो देतो. मी उजवा दिला. मनगटाच्या अगदी जवळ लागली, मग माउस धरायला मनगट वाकवलं की थेंब थांबायचे, हात सरळ केला की चालू, आणि एकदा मी फाइलीत गुंतले तर बाटली संपलेली कळलंच नाही, नळीत रक्त उलटं चढलं, आई ओरडतच सिस्टरकडं पळाली. दुसऱ्या दिवशी तिथं सूज आली म्हणून सुई बदलावी लागली तेव्हा मी सांगितलं, सिस्टर, डाव्या हाताला लावा आणि जमलं तर मनगटापासून वर, कोपराच्या खाली. त्यांनी शीर बघितली आणि लगेच लावली. शीर सापडली पाहिजे हे खरं, तो निर्णय त्यांचाच, पण सांगितलं तर त्या बघतात. ज्या हातानं लिहिता तो मोकळा राहिला पाहिजे. त्या हाताच्या कोपराखाली एक छोटी उशी घ्या, आणि जेवणाचं ते चाकाचं टेबल असतं ना, बेडवर आडवं येणारं, त्यावर लॅपटॉप ठेवा. मांडीवर, ब्लँकेटवर ठेवू नका, खालून हवा मिळत नाही आणि लॅपटॉप तापतो. बेडची डोक्याकडची बाजू उचलून घ्यायची, उशांची थप्पी लावून बसलं की अर्ध्या तासात पाठ भरते.

घरून कुणाला तरी एक लांब वायरचं एक्स्टेंशन बोर्ड आणायला सांगा, प्लग कायम बेडच्या मागं लांबच असतो. पण वायर बाथरूमच्या वाटेवर येऊ देऊ नका, अशक्तपणात पाय अडकून पडलात तर भलतंच. आणि तुम्हाला किंवा शेजारच्या पेशंटला ऑक्सिजन लावलेला असेल तर चार्जर आणि पॉवर बँक त्या बेडपासून, पांघरुणापासून लांब ठेवा, यात हयगय नको. नेटचं म्हणाल तर हॉस्पिटलच्या वायफायच्या भरवशावर राहू नका, आमच्या वॉर्डात ते खिडकीपाशीच यायचं आणि तसंही सगळ्यांच्या वापरातल्या वायफायवर बँकेचं, टॅक्सचं काम करू नये. मोबाइलचं हॉटस्पॉट बरं. रोजच्या दीड-दोन जीबीत रिटर्न, मेल, एक्सेल आरामात होतं, व्हिडिओ कॉलच फक्त डेटा खातो. मीटिंग असेलच तर व्हिडिओ बंद ठेवून नुसतं ऐका, तुम्ही पेशंटच्या कपड्यात आहात हे कुणी बघायची गरज नाही.

माझं टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, घरच्या कॉम्प्युटरवर. दादानं कॉम्प्युटर चालू करून एनीडेस्क, म्हणजे लांबून कॉम्प्युटर चालवायचं अॅप, लावून दिलं, मी इथून लॅपटॉपवर तेच उघडायचे. एकदा घरी लाइट गेली तर सगळंच बंद, म्हणून घरी चालू-बंद करायला माणूस पाहिजे.

डेंग्यूत डोळ्यांच्या मागं दुखतं, डोळा हलवला तरी कळ येते, त्यामुळं स्क्रीन जास्त वेळ बघवतच नाही. ब्राइटनेस कमी, अक्षर मोठं, आणि जे बोलून होईल ते बोलून करा. जीबोर्डवर, म्हणजे मोबाइलमधल्या गूगलच्या कीबोर्डवर, मराठी लावून माइक दाबला की बोललेलं टाइप होतं, मी सगळे मेसेज असेच केले. आणि हे नीट वाचा, स्क्रीन बघून डोकं दुखलं म्हणून पर्समधली कुठलीही गोळी परस्पर घेऊ नका. डेंग्यूत आयबुप्रोफेन आणि अॅस्पिरिन चालत नाही, रक्तस्राव वाढू शकतो. जे काय घ्यायचं ते सिस्टरला विचारून.

वेळ ठरवून घ्या. हॉस्पिटलचा दिवस आपल्या हातात नसतो, पहाटे रक्त घेऊन जातात, मग स्पंजिंग, मग राउंड, दुपारी ४ नंतर भेटायला येणारे. मला राउंड झाल्यानंतरचा एक तास आणि संध्याकाळी ७ ला अर्धा तास मिळायचा. तेवढंच. आईला सांगून ठेवलेलं की वेळ झाली की विचारायचं नाही, सरळ लॅपटॉप बंद करून पिशवीत घालायचा. जवळ राहणाऱ्या माणसाला हा हक्क द्याच, कारण आपण "पाचच मिनिटं" म्हणत तास काढतो. शेजारच्या बेडवर मंगळवेढ्याच्या एक मावशी होत्या, त्यांना माझ्या टकटकीनं झोप लागत नव्हती हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, तर तेही बघा, वॉर्डात आपण एकटे नसतो. पार्टीचा पॅन नंबर, रक्कम हे मोठ्यानं बोलायचं नाही. माझी पार्टी ओटीपी मेसेजनं पाठवायची, तेही आम्ही ठरवलेल्या वेळेतच. बाहेरून कुणाचा फोन आला की मी इन्शुरन्समधून बोलतोय, हॉस्पिटलमधून बोलतोय, ओटीपी सांगा, तर कितीही गोड बोलला तरी कट करा. आजारपणात माणूस पटकन फसतो.

आता माझी मोठी चूक. १० तारखेला सकाळी ताप उतरला. अंग हलकं वाटलं, घाम आला, भूक लागल्यासारखी झाली. मला वाटलं सुटले. ९ फाइली संपवायच्या होत्याच, त्या दीड वाजेपर्यंत झाल्या, मग मी म्हणलं बरं वाटतंय तर तिमाहीवाल्यांचं पण उरकून टाकू, आईचं ऐकलं नाही, संध्याकाळी ७ पर्यंत बसले. मध्ये पाणीसुद्धा नीट प्यायले नाही. रात्री पोटात जोरात दुखायला लागलं, दोनदा उलटी झाली, सकाळी प्लेटलेट २९ हजार. डॉक्टरांनी तेव्हा समजावलं की डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाचे एक-दोन दिवसच सगळ्यात जपायचे असतात, रक्तातलं पाणी शिरांमधून बाहेर झिरपतं, बीपी पडू शकतं. बसून काम केल्यानं प्लेटलेट पडल्या असं नाही, त्या पडणारच होत्या, पण मी पाणी पीत नव्हते आणि पोटात दुपारपासूनच दुखत होतं ते मी "बसून बसून झालं असेल" म्हणून कुणाला सांगितलं नाही, ही चूक. तर ताप उतरलेल्या दिवशी लॅपटॉप उघडायचाच नाही. तारखेचं काम त्याच्या आधी उरका नाही तर दुसऱ्याच्या हातात द्या. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त, एकदम गळून गेल्यासारखं किंवा उगाच अस्वस्थ वाटणं, यातलं काहीही झालं तर हातातलं काम जिथल्या तिथं सोडून बेल दाबा.

ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी भूल दिल्यापासून निदान २४ तास कुठंही सही करायची नाही, पैसे पाठवायचे नाहीत, कुणाला होकार द्यायचा नाही. आपल्याला वाटतं शुद्धीत आहोत, पण विचार पूर्ण जागेवर आलेला नसतो.

इन्शुरन्स असेल तर कॅशलेसचं काम घरच्यांकडं द्या. २०२४ पासून नियम असाय की कॅशलेसच्या अर्जावर कंपनीनं एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासात मंजुरी द्यायची, हे माहिती असलं की काउंटरवर विचारता येतं. तरी डिस्चार्जच्या दिवशी कुठलंही काम ठरवू नका, तो दिवस कागदातच जातो. आणि नोकरीवाल्यांनो, तुमच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापत असतील तर बेडवरून काम करायच्या आधी एचआरला विचारा, हप्ते पुरेसे भरलेले असले तर आजारपणात पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतात. तुम्हाला रजा आहे, ती घ्या. आमच्यासारख्यांना नाही म्हणून आम्ही हे करतो.

मी १४ ला घरी आले. २० ला ३बी, म्हणजे टॅक्स भरायचं महिन्याचं रिटर्न, होतं, त्याला उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, निल म्हणजे टॅक्स शून्य असेल तर २०, आणि टॅक्स राहिला तर १८ टक्क्यांनी व्याज. पण तोपर्यंत दादाला शिकवलं होतं, तो भरायचा आणि मी शेजारी आडवी पडून बघायची. अशक्तपणा पुढं पंधरा दिवस राहिला, जिना चढला तरी दम लागायचा. त्याच काळात एका वहीत प्रत्येक पार्टीचं एक पान केलं, काय भरायचं, कधी, ओटीपी कुणाच्या फोनवर येतो, बिलं कोण देतं. पासवर्ड वहीत नाही, ते वेगळे, दादाला माहिती आहेत.

आणि घरून काम करणाऱ्यांनी एवढं कराच. आपल्याकडं पाणी चार-पाच दिवसाआड येतं, घरोघरी बॅरल भरलेली असतात. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतो आणि दिवसा चावतो, म्हणजे आपण टेबलापाशी बसलेलो असतो नेमकं तेव्हा, पायाला. आमचा बॅरल माझ्या खिडकीच्या बाहेरच होता. आता तो मागच्या बोळात आहे, तोंडाला धोतराचं कापड गच्च बांधलेलं, आणि दर रविवारी रिकामा करून आतून काथ्यानं घासते, नुसतं पाणी ओतून देऊन उपयोग नाही, अंडी बॅरलच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी झाली तरी कितीतरी दिवस जिवंत राहतात.