चार धुराड्यांची आगबोट, सोलापूरच्या उन्हात

टायटॅनिकचं प्लास्टिक मॉडेल जोडायचं, तर आधी जागा मोजा. टायटॅनिक २६९ मीटर लांब होती, म्हणजे १:३५० प्रमाणात मॉडेल ७७ सेंटीमीटर होतं. टीव्हीवर ठेवू म्हणाल, तर ते मावणार नाही.

सुटे भाग भांड्यांच्या साबणाने धुवा, नाहीतर साच्याच्या तेलकटपणामुळे रंग सोलून निघतो. बोटीचे दोन अर्धे चिकटवून सांध्यात लांबी (पुट्टी) भरून घासा. मग प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात. पाणरेषेसाठी, म्हणजे बोट पाण्यात जिथवर बुडते त्या रेघेसाठी, बोट सपाट टेबलावर पक्की बसवा, ठोकळ्यावर पेन्सिल आडवी बांधा आणि ठोकळा बोटीभोवती सरकवा. डोळ्याच्या अंदाजाने ही रेघ सरळ येतच नाही.

एप्रिल-मेच्या दुपारी एअरब्रश (हवेच्या झोताने रंग फवारायचं साधन) हातात घेऊ नका. कोरड्या हवेत अ‍ॅक्रिलिक रंग बोटीला लागण्याआधीच वाळतो आणि पृष्ठभाग रवाळ होतो. सकाळी लवकर, पंखा बंद ठेवून, रंगात दोन थेंब रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारं द्रव) घालून काम करा.

धुराड्यांची काजळी सरसकट लावू नका. टायटॅनिकचं चौथं धुराडं बॉयलरला जोडलेलंच नव्हतं, ते मुख्यतः हवा खेळण्यासाठी होतं. १९०७ ची मॉरेटानिया ही आगबोट मात्र चारही धुराड्यांतून धूर सोडायची.

दोरखंडांसाठी चादरीचं सूत वापरायचा मोह इथे हमखास होतो. पण सुताला लव असते, आणि अर्ध्या मिलिमीटरचा धागा या प्रमाणात साडेसतरा सेंटीमीटर जाडीचा ओंडका दिसतो! ०.१ मिलिमीटरची नायलॉन तार घ्या आणि सुपरग्लू सुईच्या टोकाने लावा.