जर्मनमध्ये ‘मी कोण’ सांगताना आइन कधी गाळायचा, कधी ठेवायचा

जर्मन शिकायला लागलं की पहिल्याच आठवड्यात स्वतःची ओळख करून द्यावी लागते आणि तिथेच आपण घसरतो, कारण डोक्यात ‘आय अ‍ॅम अ टीचर’ पक्कं बसलेलं. मी पण क्लासमध्ये ऐटीत ‘इश बिन आइने लेहररिन’ म्हणून मोकळी झाले (आइन, बाईसाठी आइने, म्हणजे इंग्रजीतलं ‘अ’). सरांनी एवढंच विचारलं, मराठीत काय म्हणशील? म्हटलं, मी शिक्षिका आहे. मग यात ‘एक’ कुठंय?

तर इंग्रजी बाजूला ठेवा आणि मराठीतून जा. पेशा, देश, धर्म सांगताना आर्टिकल गाळायचं: इश बिन लेहररिन, इश बिन इंडरिन (भारतीय), इश बिन हिंदू. आल्स म्हणजे ‘म्हणून’, त्याच्यानंतरही तसंच, इश आर्बाइटे आल्स लेहररिन. शेवटचा ‘इन’ मात्र बायकांनी विसरू नका, आपल्याकडे येतो-येते वरून कळतं पण तिकडे ‘इश कोमे’ दोघांनाही सारखंच, म्हणून ते काम नामावर पडतं.

विशेषण आलं की आर्टिकल परत येतं. आइने गूटे लेहररिन (चांगली शिक्षिका), पुरुष असेल तर आइन गूटर लेहरर. म्हणजे काय आहात ते सांगताना नको, कसे आहात ते सांगताना हवं.

खरी मजा पुढे आहे. ‘एअर इस्ट क्लाउन’ म्हणजे तो सर्कशीत विदूषकाचं काम करतो, पोटापाण्याचा धंदा. ‘एअर इस्ट आइन क्लाउन’ म्हटलं की बहुतेक वेळा नुसता नमुना आहे हो तो! ऑफिसात कुणाबद्दल बोलताना जपून.

यावरूनच अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष केनेडी यांचा किस्सा. २६ जून १९६३ ला पश्चिम बर्लिनमध्ये ते ‘इश बिन आइन बर्लिनर’ म्हणाले आणि नंतर लोकांनी उठवलं की मी ‘बर्लिनर’ नावाचा जॅम भरलेला डोनट आहे असं बोलून गेले. काहीतरीच! ते काही बर्लिनचे रहिवासी नव्हते, मनाने तुमच्यातलाच एक असं म्हणायचं होतं, तिथे आइन बरोबरच बसतो, आणि बर्लिनमध्ये त्या डोनटला फानकूखन म्हणतात.

नावांचं वेगळंच. दक्षिण जर्मनीत, ऑस्ट्रियात बोलताना माणसाच्या नावाआधीही ‘द’सारखं आर्टिकल लावतात, सर्रास देअर थॉमस, दी आना. उत्तरेकडे हे कानाला खटकतं, आणि सीव्ही किंवा ईमेलमध्ये कुठेच लिहू नका. पश्चिमेकडच्या र्‍हाइनलँड, झारलँडच्या बोलींत तर बाईच्या नावाला चक्क नपुंसकलिंग लावतात. ऐकून हसू नका, आपणही ‘आमचं पिंकी लई गुणी’ म्हणतोच की. पण पाहुण्याने जाऊन तिथल्या कुणाच्या सासूला तसं म्हणू नये.