आई-वडिलांचं करताना या चुका टाळा

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, मी नऊ वर्षं केलं. आता कॉलनीत कुणाकडं म्हातारं माणूस अंथरुणाला लागलं की फोन मला येतो, आणि बहुतेक फोनांत त्याच त्या चुका ऐकायला मिळतात. माणसं वाईट नसतात. त्यांना घाई असते. लग्नकार्य उरकावं तसं हेही दोन दिवसांत मार्गी लावायचं असतं, आणि नेमकं तिथंच बिघडतं.

तेरावं झालं की गाडीत घालणं

आई गेली तेव्हा अण्णा 78 वर्षांचे होते. कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव. घराला पडवी, मागं गोठा, समोर मारुतीच्या देवळाचा पार. चौदाव्या दिवशी दादा त्यांना पुण्याला घेऊन गेला. सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट, वेगळी खोली, टीव्ही, कशाची कमी नव्हती. बॅग मीच भरली. एकटे कसे राहतील, असं आम्ही भावंडांनी एकमेकांना दहादा विचारलं. अण्णांना एकदाही विचारलं नाही.

आठ दिवसांत ते रात्री उठून फिरायला लागले. गावी खाटेवरून उतरलं की मोरी डाव्या हाताला होती. पुण्यात डाव्या हाताला कपाट होतं. एका रात्री त्यावर आदळून कपाळ फुटलं, तीन टाके पडले. दुसऱ्या दिवशी फोनवर मला म्हणाले, "बाळ, गोठ्याचं दार कुठं गेलं?" वहिनीला वाटलं, विसरायला लागले. खरं तर त्यांना गावच्या घराची पायरीन्‌पायरी आठवत होती, म्हणूनच तर ते कपाटावर आदळत होते.

अगदी नाइलाज नसेल तर जोडीदार गेल्यावर वर्षभर माणसाची जागा हलवू नका, असं माझं ठाम मत आहे. आम्ही अण्णांना परत गावी नेलं. शेजारच्या काकूंना पगार देऊन सकाळ-संध्याकाळचं सांगितलं. मी साताऱ्याहून एक दिवसाआड जात होते. मधून आठ दिवस माझ्याकडं, मग परत गावी, पुढं महिनाभर, असं करत गेलो. दीड वर्षानं तेच म्हणाले, "आता तुझ्याकडंच राहतो." तेव्हा त्यांची खाट, वाकळ, तांब्या, रेडिओ सगळं आणलं आणि उतरल्यावर बाथरूम डाव्या हाताला येईल अशी खाट लावली. रात्रीचं फिरणं थांबलं.

औषधांची पिशवी न उघडणं

हेही त्याच पुण्याच्या मुक्कामातलं. दादा त्यांना नव्या डॉक्टरांकडं घेऊन गेला, जुनी फाइल गावीच राहिली होती. डॉक्टरांनी साखरेवर गोळी लिहून दिली. गावच्या डॉक्टरांची गोळी चालूच होती. नाव वेगळं, पाकिटाचा रंग वेगळा, आत मात्र दोन्हीकडं ग्लिमेपिराइडच. पाचव्या दिवशी सकाळी अण्णांना दरदरून घाम फुटला. शर्टाची बटणं लावता येईनात, बोलणं तुटायला लागलं. शेजारचे म्हणाले लकवा, वहिनी म्हणाली वात झालाय. मी नेमकी तिथं होते आणि आईचं ग्लुकोमीटर माझ्या पिशवीत होतं. साखर 42 निघाली. 70 च्या खाली गेली की ती कमीच समजायची.

अण्णा शुद्धीवर होते, गिळत होते, म्हणून चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. 15 मिनिटांनी तपासलं तर 61. पुन्हा पाजली. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात थेंबभरही घालायचं नाही, सरळ 108 ला फोन करायचा. अण्णांना बरं वाटायला लागलं तरी आम्ही दवाखान्यात गेलोच, कारण या गोळीचा परिणाम तासन्‌तास राहतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. रात्रभर ठेवून घेतलं.

तेव्हापासून मी पाकिटावरचं ठळक नाव वाचत नाही. त्याखाली बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतं, ते वाचते आणि वहीत लिहिते. 200 पानी वही. डाव्या पानावर औषधं, उजव्या पानावर जेवण, पाणी, शौच, झोप, चिडचिड. नव्या डॉक्टरांकडं जाताना पिशवी अख्खी न्यायची, दुखण्याच्या गोळ्या, काढे, चूर्णं सगळ्यांसकट, आणि टेबलावर ओतायची. मोबाइलवर गोळ्यांचा गजर लावून निर्धास्त होणारी मुलं मला पटत नाहीत. गजर वाजतो आणि गोळी गालात राहते. घोटभर पाणी प्यायलं, तोंड उघडून दाखवलं, मगच वहीत खूण.

आणखी एक. चार-आठ दिवसांत माणूस एकदम बदललं, असंबद्ध बोलायला लागलं किंवा नुसतं झोपून राहायला लागलं, तर ते म्हातारपण नव्हे. लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, नवी गोळी, तुंबलेलं पोट, असं काहीतरी असतं आणि त्यातलं बरंचसं उपचारानं बरं होतं. "वय झालं आता" म्हणून घरी ठेवू नका. त्याच दिवशी दाखवा.

रोज दिसणाऱ्या बाकीच्या चुका

झोपवून भरवू नका. ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जातं. बसवून भरवा आणि नंतर अर्धा तास तरी बसू द्या.

बाथरूमला आतून कडी नको. धरायला दांडी भिंतीत स्क्रूनं पक्की केलेली हवी, टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलत नाही. रात्री एक लहान दिवा चालू ठेवा.

पडलेल्या माणसाला खसकन उचलू नका. पाय आखूड दिसला, बाहेर वळलेला दिसला तर खुब्याचं हाड मोडलेलं असण्याची शक्यता मोठी. तेल चोळत दिवस घालवू नका.

अंथरुणावरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला. कातडी लाल दिसली तर चोळू नका, तिथला भार काढा.

रात्री उठायला नको म्हणून म्हातारी माणसं पाणीच पीत नाहीत. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं नसेल तर दुपारपर्यंत पाजून घ्या.

"तू काही करू नकोस" हे वाक्य घरातून काढून टाका. हात चालतात तोवर मेथी निवडू दे, शेंगा फोडू दे. वेळ लागला तर लागू दे.

त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलू नका. ऐकू कमी येतं, पण समजतं सगळं.

कागदांचं काम तब्येत बरी असताना करा. सरकारी पेन्शन असेल तर हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये लागतो, केंद्राच्या 80 वर्षांवरील पेन्शनरांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. 70 वर्षं पूर्ण झालेल्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड काढता येतं, त्यात वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंतचे उपचार बसतात. आणि घर मुलांच्या नावावर करण्याची घाई करणाऱ्यांना मी तोंडावर सांगते, त्यांच्या हयातीत राहू दे त्यांच्याच नावावर. बक्षीसपत्र करायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे, ती अट मोडली तर ते रद्द करून मागता येतं. घरात हाल होत असतील तर ज्येष्ठांसाठी 14567 हा मदतीचा फोन आहे.

सगळं एकटीनं ओढणं

या चुकीबद्दल बोलायला मला अजून जड जातं. दादा पैसे पाठवायचा आणि म्हणायचा, "काही लागलं तर सांग." मी कधी काही सांगितलं नाही. सांगणं म्हणजे कमी पडणं, असं मला वाटायचं.

शेवटच्या वर्षी एका रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना मी अण्णांवर ओरडले. ते गप्प राहिले. चौथ्यांदा ओलं झालं तेव्हा त्यांनी हाकच मारली नाही. पहाटे पाहिलं तर ओल्या गादीच्या कडेला कुडकुडत बसले होते. म्हणाले, "तुझी झोप मोडायला नको वाटली."

त्याच दिवशी दादाला फोन केला. बुधवार आणि शनिवार रात्रीसाठी बाई ठेवायची आणि महिन्याचा पहिला आठवडा त्यानं साताऱ्याला येऊन अण्णांचं करायचं, असं ठरलं. "जमेल तसा येतो" हे मी ऐकून घेतलं नाही, तारखा वहीत लिहून घेतल्या. पहिल्या खेपेला डायपर बदलताना त्याचे हात थरथरत होते. तिसऱ्या महिन्यापासून अण्णा दाढी फक्त त्याच्याकडूनच करून घ्यायला लागले. मी करते म्हटलं तर म्हणायचे, "एक तारखेला येतोय ना तो, राहू दे."