हरवलेला पाव इंच

पॅचवर्क शिकायला लागले त्या पहिल्याच महिन्यात आम्हाला नऊ चौकोनांचा ब्लॉक करायला दिला होता. अडीच इंचाचे नऊ तुकडे, पाव इंचाचं मार्जिन, म्हणजे टिपेच्या बाहेर सोडलेलं कापड. जोडून झाल्यावर ब्लॉक साडेसहा इंच भरायला हवा. माझा सव्वासहाच भरला. तीनदा उसवला, मशीनचा कापड दाबणारा फूट बदलला, पट्टी नवी आणली, तरी तेच. शेवटी बाईंनी ब्लॉक हातात घेतला, सुलट्या बाजूने शिवणीवर नख फिरवलं आणि आत दबलेली बारीक घडी उलगडून दाखवली. टीप बरोबर होती. इस्त्री करताना कापड टिपेपर्यंत पुरतं उघडलंच नव्हतं. दर शिवणीपाशी एक सूत घडीत अडकलं होतं आणि दोन शिवणींचे मिळून पाव इंच गेले होते. दहा ब्लॉकच्या रांगेत हीच चूक अडीच इंचांवर जाते.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की क्विल्टचं, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या गोधडीचं, माप जितकं मशीनवर ठरतं, तितकंच इस्त्रीच्या टेबलावर ठरतं.

टीप मारून झाली की तुकडे लगेच उघडू नका. जोड मिटलेला असतानाच टिपेवर इस्त्री दोन-तीन सेकंद टेकवा, म्हणजे दोरा कापडात बसतो. मग गडद तुकडा वर येईल असं ठेवून तो बोटाने उघडा आणि इस्त्रीची कड शिवणीला भिडवून दाबा. उचला, पुढे ठेवा, दाबा. घरच्या कपड्यांवर आपण इस्त्री सरसर फिरवतो, ती सवय इथे सोडावीच लागते. सरळ धाग्याच्या तुकड्यावर ती एकवेळ खपेल, पण त्रिकोणाची तिरकी कड म्हणजे उरेब. इस्त्री फिरवली की उरेब ताणला जातो आणि चौकोनाची पतंगासारखी गत होते.

मार्जिन शक्यतो गडद रंगाकडे वळवा, फिक्या कापडातून ते दिसत नाही. गडद आणि फिके आलटून-पालटून लावलेल्या नऊ चौकोनांत याचा आणखी एक फायदा होतो. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत गडद तुकडे कडेला असतात, मधल्या ओळीत तो मध्ये. म्हणून मार्जिनं आपोआप उलटसुलट दिशांना जातात आणि ओळी जोडताना एकमेकींना अडतात. बोटांना ती अडण जाणवली की कोपरा जुळला असं समजा. मी तिथे टाचणीसुद्धा लावत नाही.

जिथे आठ तुकड्यांची टोकं एकत्र येतात, तिथे मात्र एका बाजूला वळवलेल्या मार्जिनांची गाठ होते. अशा ठिकाणी शिवण दोन्हीकडे उघडून दाबते. त्यात टीप थोडी उघडी पडते, म्हणून टाका दोन मिलिमीटरपर्यंत बारीक ठेवते.

साधनांवर फार पैसे घालवू नका. मऊ गादीच्या टेबलावर शिवण बुडते आणि कापडाला लाट येते. मी प्लायवूडच्या फळीवर जुनी घोंगडी दुहेरी घालून वर पांढरं सुती कापड ताणून बसवलं आहे. लोकर उष्णता धरून ठेवते, त्यामुळे खालूनही शेक मिळतो, आणि मार्जिनाची जाडी तिच्यात सामावते. दुसरं साधन म्हणजे लाकडी ठोकळा. गरम, किंचित ओलसर शिवणीवर तो दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवायचा. सुती धागा उष्णतेने आणि ओलाव्याने नरम होतो आणि थंड होताना ज्या आकारात असेल तो आकार धरतो. ठोकळा वाफ शोषतो आणि तेवढा वेळ घडी हलू देत नाही. सुताराकडचा माझा पहिला ठोकळा सागाचा होता, त्याचा पिवळसर डाग पांढऱ्या तुकड्यावर उतरला. आता बीचच्या लाकडाचा, बिनपॉलिशचा वापरते. कुठलंही लाकूड घ्या, आधी पांढऱ्या ओल्या चिंधीवर गरम करून पाहा.

वाफेच्या इस्त्रीची घाई नको. तुकडे जोडताना कोरडी इस्त्री आणि वाफ ब्लॉक पुरा झाल्यावर. लाल आणि निळ्या कापडाचा रंग वाफेने शेजारच्या पांढऱ्यावर उतरू शकतो, म्हणून कापड आधी धुऊन घ्या. पातळ मलमलीला कापण्याआधी साबुदाण्याची खळ द्या. कापल्यावर दिली तर तुकडा आकसतो. खळीचं कापड मात्र महिनोन्महिने कपाटात ठेवू नका, कसर लागते.

आजी गोधडी शिवायची तेव्हा इस्त्री नव्हतीच. ठिगळाची कड ती अंगठ्याच्या नखाने मोडायची आणि धावदोरा घालेपर्यंत ती कड जागची हलत नसे. एक इंचाहून लहान तुकडे मी अजून तसेच नखाने मोडते. गरम इस्त्री तिथे हात भाजते आणि तुकडाही वाकडा करते.

ओळ जोडण्याआधी प्रत्येक ब्लॉक मोजा. कमी भरला तर इस्त्रीने ओढून माप पुरं करू नका, पहिल्या धुण्यात तो पुन्हा आकसतो. सुलटा धरा, शिवणीवर नख फिरवा आणि घडी शोधा.