गूगलमधून पान गायब झालं? कारण असं शोधा

कालपर्यंत वर दिसणारं पान आज सापडत नाही म्हटल्यावर बरेच जण घाईने मजकूरच बदलायला घेतात. तसं करू नका. आधी पान गूगलच्या यादीतून, म्हणजे इंडेक्समधून, गेलंय की नुसतं मागे पडलंय, ते बघा. गूगलच्या चौकटीत इंग्रजीत 'साइट' टाइप करा, पुढे कोलन आणि लगेच, जागा न सोडता, पानाचा पत्ता. पान आलं तर ते यादीत आहे, फक्त क्रमांक घसरलाय. नाही आलं, तरी ही तपासणी ढोबळच समजा.

पक्कं उत्तर सर्च कन्सोलमध्ये मिळतं. साइटच्या मालकांसाठी गूगलने दिलेली ही सोय मोफत आहे. साइट आपलीच असल्याची खात्री पटवून दिली की 'यूआरएल इन्स्पेक्शन'मध्ये पत्ता चिकटवा. पान यादीत आहे का, नसेल तर कशामुळे, गूगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, शेवटचा कधी येऊन गेला, हे सगळं तिथे कळतं.

'नोइंडेक्स', म्हणजे पान यादीत घेऊ नका अशी सूचना, हे कारण दिसलं, तर दार आपल्याच बाजूने बंद आहे. वर्डप्रेस वापरत असाल तर 'सेटिंग्ज'मधल्या 'रीडिंग'मध्ये जा. सर्च इंजिनांना साइट यादीत घेऊ नका असं सांगणारा एक चौकोन तिथे अगदी खाली असतो. साइट तयार होत असताना त्यावर टिक करतात आणि सुरू करताना ती काढायची राहून जाते. माझ्या मते सगळ्यात आधी बघायची जागा हीच.

साइटवरची रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइलही उघडून बघा. ती बॉटला पान वाचण्यापासून अडवू शकते, पण तेवढ्याने पान यादीतून जाईलच असं नाही. उलट, तुम्हाला एखादं पान मुद्दाम काढायचं असेल आणि या फाइलनेच बॉटला अडवलं असेल, तर त्याला आतली 'नोइंडेक्स'ची सूचना दिसतच नाही.

४०४ (पान सापडत नाही) किंवा ५०० च्या घरातली (सर्व्हरची) एरर असेल तर होस्टिंगवाल्याला गाठा, डोमेनची मुदत संपली नाही ना तेही बघा. एकच मजकूर दोन पत्त्यांवर असेल तर गूगल त्यातला एक ठेवतं.

'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' हा शेरा मात्र जिव्हारी लागतो. बॉटने पान वाचलं आणि सध्या घेतलं नाही. मराठीत हेच उखाणे, हेच निबंध, हीच आरती शेकडो साइटवर जशीच्या तशी आहे, मग गूगलने तुमचंच पान का ठेवावं? इथे सेटिंग बदलून भागत नाही, स्वतःचं काहीतरी लिहावं लागतं.

'मॅन्युअल अॅक्शन्स' आणि 'सिक्युरिटी इश्यूज' हे दोन्ही भाग उघडा. पहिल्यात नियमभंगाची कारवाई कळते. २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइटसुद्धा अशीच काढली गेली होती. दुसऱ्यात साइट हॅक झाली असेल तर ते दिसतं. दोन्हीकडे आधी दुरुस्ती करायची, मग फेरतपासणीचा अर्ज.

कायद्याने काढलेल्या पानांची गोष्ट वेगळी. कॉपीराइटच्या तक्रारीवरून पान जाऊ शकतं. युरोपात २०१४ च्या न्यायालयीन निकालापासून माणसाला आपल्या नावाच्या शोधातून काही दुवे काढायची मागणी करता येते. पान मूळ जागी राहतं, त्या नावाने शोधल्यावर मात्र दिसत नाही.

दुरुस्ती झाली की 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' एकदाच दाबा. पुन्हा पुन्हा दाबून बॉट लवकर येत नाही, कधीकधी काही आठवडेही थांबावं लागतं.