ड्युटीवर असताना गेलेल्या पोलीस वडिलांची आठवण कशी जपायची: आधी आवाज, मग माणसं, मग कागद, वर्दी सगळ्यात शेवटी

माझे पप्पा हवालदार होते. २०१० च्या डिसेंबरमध्ये रात्री नाकाबंदीला उभे असताना एका टेम्पोला हात केला आणि तो थांबलाच नाही. मी तेव्हा अकरावीत होते. कोविडमध्ये आपल्या महाराष्ट्र पोलीस दलातले शेकडो जण गेले, त्यात आमच्या जुन्या पोलीस लाईनमधल्या मैत्रिणीचे वडीलपण होते, तिने मला फोन करून विचारलं की अगं काय काय जपून ठेवू, मला काही सुचत नाहीये. तिला मी जे एक तासभर सांगितलं ते इथे नीट लिहून ठेवतेय, ज्यांच्या घरात असं झालंय त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून.

आमच्या घरात सगळं उलट झालं. आम्ही पहिल्याच आठवड्यात वर्दी इस्त्री करून कपाटात ठेवली, फोटो मोठा करून हार घातला आणि आम्हाला वाटलं झालं. पण वर्दी कुठे जात नाही हो, ती वीस वर्षं राहते. आवाज जातो. सोबत काम केलेली माणसं रिटायर होऊन गावी जातात. कागद नवीन इमारतीत हलवताना गहाळ होतात. म्हणून जे आधी हरवणार ते आधी गोळा करायचं, बाकीचं नंतर.

आवाजापासून सुरुवात करा, आणि अगदी पहिल्या महिन्यातच करा. त्यांचा मोबाईल चार्ज करून ठेवा, घाईघाईत रिसेट करू नका, कुणा भाच्याला वापरायला देऊ नका. प्रीपेड सिम साधारण तीन महिने वापरात नसलं की बंद होतं आणि पुढे तो नंबर दुसऱ्या कुणाला दिला जातो, आणि व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस बंद राहिलं की डिलीट होतं. तेव्हा रिचार्ज चालू ठेवा, मृत्यूचा दाखला देऊन सिम घरातल्या कुणाच्या तरी नावावर करून घ्या. मग तुमच्या, आईच्या, भावंडांच्या फोनमधून त्यांच्यासोबतचं चॅट मीडियासकट एक्सपोर्ट करा. व्हॉइस मेसेज वेगळ्या फोल्डरमध्ये काढा आणि प्रत्येकाच्या नावात तारीख आणि विषय टाका, नाहीतर दोनशे फाईलींमध्ये नंतर काही सापडत नाही. एक कॉपी लॅपटॉपवर, एक पेनड्राईव्हवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाईकाकडे. "येतो उशिरा, जेवून घ्या" एवढाच मेसेज असेल तरी ठेवा. मुद्दाम तेच ठेवा, कारण पोलिसाच्या घरात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य तेच असतं.

आमच्याकडे व्हॉट्सॲप नव्हतं तेव्हा. पप्पांचा आवाज आमच्याकडे फक्त एकाच ठिकाणी आहे, मावशीच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये, पंगतीच्या वेळी ते कुणाला तरी सांगतायत "अरे म्हाताऱ्या माणसांना पंख्याखाली बसवा आधी". अकरा सेकंद. ती कॅसेट मावशीच्या माळ्यावर होती, बुरशी धरायला लागली होती, वेळेवर स्टुडिओतून कॉम्प्युटरवर उतरवून घेतली म्हणून वाचली. तर तुमच्या घरीही हे बऱ्याच वर्षांपूर्वी झालं असेल तर नातेवाईकांकडच्या लग्न, मुंज, बारसं, वास्तुशांत सगळ्यांच्या कॅसेट आणि सीड्या शोधा, ते शूटिंग बघताना नवरा-नवरीकडे बघू नका, मागे वाढणाऱ्यांमध्ये, दारात उभं राहणाऱ्यांमध्ये बघा. पोलीस माणूस समारंभातपण बहुतेक दारापाशीच उभा असतो.

आता माणसं. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात अवघड. आपल्याकडे पोलिसांना ५८ व्या वर्षी निवृत्ती आहे, म्हणजे तुमच्या वडिलांच्या बॅचचे, पोलीस ट्रेनिंग स्कूलचे, पहिल्या पोस्टिंगचे लोक पुढच्या काही वर्षांत पांगणार. नावं कुठून काढायची? ट्रेनिंगचा ग्रुप फोटो असतो बघा, लांबलचक, खाली नावं छापलेले, तिथून. आणि अंत्यविधीला आलेल्यांपैकी जे कोपऱ्यात गप्प उभे होते त्यांच्याकडून. साहेब लोक भाषण करतात, त्यांच्याकडे सांगण्यासारखं फार नसतं, नाईटला सोबत चहा प्यायलेल्या शिपायाकडे असतं.

जाताना एखादा जुना फोटो घेऊन जा आणि परवानगी घेऊन मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा. "कसे होते ओ पप्पा?" असं विचारू नका. मी पहिल्या तीन काकांना हेच विचारलं आणि तिघांनी एकच उत्तर दिलं, देवमाणूस होते. खरंच मनापासून म्हणतात ते, पण त्यातून हाताला काही लागत नाही. बारीक विचारा. डब्यात काय असायचं आणि कुणाला वाटून द्यायचे? बंदोबस्ताला आठ-दहा तास उभं राहिल्यावर पाय दुखले तर काय करायचे? साहेब ओरडले तर गप्प बसायचे की बोलायचे? पहिल्यांदा बेवारस बॉडी उचलायला लागली तेव्हा काय झालं? विसर्जनाच्या बंदोबस्ताला कुठला पॉइंट असायचा? या विसर्जनाच्या प्रश्नावर एका काकांनी मला सांगितलं की पप्पा दरवर्षी त्यांच्या पॉइंटवरून जाणाऱ्या शेवटच्या घरगुती गणपतीसमोर दोन मिनिटं टोपी काढून थांबायचे आणि म्हणायचे, हा आमच्या घरचा. आमच्या घरचा गणपती ते कधीच पोचवायला आले नव्हते, मी त्यावरून लहानपणी दरवर्षी रुसायचे. हे मला त्यांच्या जाण्यानंतर नऊ वर्षांनी कळलं. त्या काकांकडे गेले नसते तर कळलंच नसतं, पुढच्या वर्षी तेही गेले.

एक काळजी घ्या. गोष्टींमध्ये केसची नावं येतात, पीडित बाईचं नाव, लहान मुलांची नावं. ती लिहून ठेवू नका आणि नातेवाईकांच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. तुमच्या वडिलांनी ती नावं घरात कधी काढली नाहीत ना, मग आपणही नाही काढायची.

आईचं वेगळं रेकॉर्ड करा. तिला समोर बसवून विचारलं तर ती म्हणते काय सांगू आता, आणि पदर डोळ्याला लावते. मी तिला मेथी निवडताना विचारायला लागले, हात कामात असले की बोलत जाते. त्यात मला कळलं की पप्पा नाईट करून सकाळी आले की आधी बूट बाहेर काढून आमच्या खोलीत डोकावायचे आणि मग तोंड धुवायचे. मी झोपलेली असायचे, मला काय माहीत.

मग कागद. ज्या कार्यालयाच्या पटावर ते शेवटी होते तिथल्या आस्थापना शाखेत, म्हणजे नोकरीच्या नोंदी ठेवतात तिथे, लेखी अर्ज करून सेवापुस्तकाची नक्कल मागा. पेन्शनच्या कामासाठी मूळ पुस्तक इकडून तिकडे फिरत असतं, तेव्हाच एक प्रत काढून घेतलेली बरी, नंतर फार चकरा पडतात. आम्हाला एका ऑफिसात सात वेळा जावं लागलं आणि दरवेळी टेबलावर नवीन माणूस, पण शेवटी मिळालं. सेवापुस्तक म्हणजे नुसता पगाराचा हिशोब नसतो. भरतीची तारीख, अंगावरची ओळखखूण, उंची, छाती, प्रत्येक बदली, रजा, शिक्षा झाली असेल तर ती, आणि बक्षिसं. छोटी छोटी रोख बक्षिसं असतात आणि समोर कारण लिहिलेलं असतं. पप्पांच्या पुस्तकात पन्नास रुपयांचं एक बक्षीस आहे, हरवलेली मुलगी शोधून आई-वडिलांच्या ताब्यात दिल्याबद्दल. ते पान मी फ्रेम करून लावलंय, शेजारी शोकसंदेशाचं मोठं पत्रही आहे पण माझा मुलगा पन्नास रुपयांचंच पान वाचायला लावतो. शिक्षा असेल तर तेही पान फाडू नका, माणूस अख्खा ठेवायचाय आपल्याला.

ओळखपत्र सरकारजमा करायला लागतं, देण्याआधी दोन्ही बाजूंनी स्कॅन करून घ्या. फोटो स्कॅन करताना मोबाईलने फोटोचा फोटो काढू नका, स्कॅनरवर ६०० डीपीआयला करा आणि मागची बाजूपण करा, मागे बरेचदा ठिकाण आणि साल लिहिलेलं असतं. आणि बक्कल नंबर, म्हणजे त्यांचा बिल्ला नंबर! प्रत्येक ठिकाणी नावासोबत बक्कल नंबर लिहून ठेवा. दलात त्यांना अर्धे लोक नंबरानेच ओळखायचे आणि जुन्या रजिस्टरमध्ये कधी काही शोधायची वेळ आली तर तोच उपयोगी पडतो.

वर्दीबद्दल थोडक्यात पण नीट सांगते कारण इथे सगळे चुकतात. धुवून पूर्ण वाळवा, स्टार्च करू नका, स्टार्चला किडे लागतात. नेमप्लेट, बटणं निघत असतील तर बटणं, शिट्टी, फिती, सगळं धातूचं काढून वेगळं ठेवा, पावसाळ्यात पितळेला हिरवं चढतं आणि कापडावर डाग पडतो. पट्टा आणि कापड एकत्र ठेवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर नकोच, आईची जुनी मऊ सुती साडी घ्या, त्यात गुंडाळा, घडी पडते तिथे कापडाची गुंडाळी घाला म्हणजे त्या रेषेवर कापड विरत नाही. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून कडेला ठेवा. दसऱ्याच्या आसपास वर्षातून एकदा बाहेर काढून सावलीत वारा द्या आणि घडी वेगळ्या जागी घाला. पदक असेल तर ते ब्रासोने घासू नका, कोरड्या मऊ कापडाने पुसा फक्त. आणि वर्दी कुणालाही अंगात घालू देऊ नका, शाळेच्या फॅन्सी ड्रेससाठीसुद्धा नाही, नातवाला नवीन शिवून घ्या.

त्या दिवशीची वर्दी हा वेगळा विषय आहे. गुन्हा दाखल असतो तेव्हा ती मुद्देमालात, म्हणजे पुरावा म्हणून, जमा होते आणि केस संपल्यावर कोर्टामार्फत परत मागता येते. मागायची का नाही हे एकट्याने ठरवू नका, आईला विचारा. आमच्या आईने नको म्हटलं आणि आम्ही तो विषय परत काढला नाही.

आता दिवस कुठला पाळायचा. डिपार्टमेंट तारीख पाळतं, घर तिथी पाळतं, यावरून भांडू नका, दोन्ही करा. तिथीला आई स्वयंपाक करते आणि पान ठेवते, तारखेला आम्ही पोलीस स्टेशनला जाऊन रात्रपाळीवाल्यांना वडापाव आणि चहा देतो, भाषण नाही, फोटो नाही. आणि तिसरा दिवस २१ ऑक्टोबर. १९५९ साली याच दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैन्याने केलेल्या गोळीबारात सीआरपीएफचे (केंद्रीय राखीव पोलीस दलाचे) १० जवान गेले, तेव्हापासून हा पोलीस स्मृतिदिन आहे. आधीच्या १ सप्टेंबरपासून ३१ ऑगस्टपर्यंत देशभरात कर्तव्यावर असताना गेलेल्यांची नावं संचलनात वाचली जातात. तुमच्या वडिलांचं नाव एकाच वर्षी वाचलं जाणार, त्या वर्षी काहीही करून जा. आधी आठ-पंधरा दिवस मुख्यालयात जाऊन यादीतलं नाव, हुद्दा, आडनाव बरोबर लिहिलंय का बघा, वाचणाऱ्याला उच्चार सांगा. आमच्याकडे पप्पांच्या वडिलांचं नाव चुकलेलं होतं, वेळेत दुरुस्त झालं. मग बिगुल वाजतो आणि शस्त्रं उलटी होतात, तेव्हा आईचा हात धरून उभे राहा, त्यावेळी पाय लटपटतात.

जमेल तेव्हा दिल्लीला चाणक्यपुरीतलं राष्ट्रीय पोलीस स्मारकपण बघून या. २०१८ च्या २१ ऑक्टोबरला उद्घाटन झालं, मधोमध ३० फुटी ग्रॅनाइटची शिळा आहे आणि भिंतीवर स्वातंत्र्यापासूनची हजारो नावं कोरलेली आहेत. पांढरा कागद आणि पेन्सिल सोबत न्या, तिथल्या लोकांनी परवानगी दिली तर नावावर कागद धरून पेन्सिल फिरवा, अक्षरं उमटतात.

मोठ्या माणसांची उदाहरणं मुलांना सांगा पण त्यातही बारीकसारीक सांगा. तुकाराम ओंबळेंना अशोकचक्र मिळालं, हे पुस्तकात असतं. ते साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे, आधी सैन्यात होते मग मुंबई पोलिसात आले, आणि २६ नोव्हेंबरच्या त्या रात्री गिरगाव चौपाटीला हातात फक्त लाठी होती, त्यांनी कसाबची बंदूक धरली ती सोडलीच नाही. २०२१ मध्ये संशोधकांनी ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला त्यांचं नाव दिलं, आयशियस तुकारामी. माझ्या मुलाला हे फार आवडलं, आता भिंतीवर उडी मारणारा कोळी दिसला की तो त्याला मारू देत नाही.

तोच मुलगा गेल्या वर्षी विचारत होता, आजोबा कसे मेले. ते देवाघरी गेले वगैरे मी सांगत नाही. रस्त्यावर रात्री लोकांना सुखरूप जाता यावं म्हणून गाड्या तपासत होते, एक गाडी थांबली नाही, असं सरळ सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, तो आवाज लाव. मी अकरा सेकंदांची ती फाईल लावली. त्याने चार वेळा ऐकली, मग उठला आणि पणजीआजीची खुर्ची ओढत पंख्याखाली नेऊन ठेवली.