घरच्या वर्कशॉपच्या भिंती : पॅनेल ठोकण्याआधी या चुका टाळा

गॅरेजमध्ये किंवा मागच्या पडवीत कामाचं टेबल मांडलं की लक्ष भिंतींकडे जातं. पोपडे सुटलेत, खालच्या हातभर भागाला लोणा, म्हणजे ओलीने बाहेर येणारे पांढरे क्षार, लागलाय. मग बहुतेक जण दुकानातून पीव्हीसीची पॅनेल आणतात आणि हे सगळं झाकून टाकतात. ओल तिथेच राहते, फक्त दिसेनाशी होते. पुढच्या पावसाळ्यात कुबट वास येतो आणि ड्रिलच्या बिट्सना गंज चढतो.

आधी भिंत तपासा. फूटभर प्लास्टिकचा कागद चारी कडांना टेप लावून भिंतीवर घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब जमले, तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमले, तर खोलीतली हवाच दमट आहे. तिथे एक्झॉस्ट फॅन लावा. ही तपासणी मे महिन्यात करू नका, तेव्हा कोणतीही भिंत पास होते. ओल भिंतीतून येत असेल तर बाहेरच्या भेगा, पागोळ्या, गळके पाइप हे आधी निस्तरा. लोणा मात्र कोरड्या ब्रशनेच झाडा. पाणी मारलंत तर क्षार विरघळून पुन्हा गिलाव्यात मुरतात.

दुसरी चूक म्हणजे दिसायला छान, पण वजन न पेलणारं आवरण. जिप्सम बोर्डवर क्लॅम्पची रांग टांगली की स्क्रू निसटतात. एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या) भिंतीत साधा रावळप्लग, म्हणजे स्क्रूसाठी भोकात ठोकायची प्लास्टिकची नळी, सैल होतो, त्यासाठी वेगळे अँकर मिळतात. माझं मत विचाराल तर बॅटन (लाकडी पट्ट्या) मारून १२ मिमी प्लाय लावा, म्हणजे हवा तिथे स्क्रू मारता येतो. एमआर (थोडाफार दमटपणा सोसणारा) प्लाय स्वस्त पडतो, पण दमट खोलीत आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का असलेलाच घ्या. मागच्या बाजूलाही रंगाचा हात द्या आणि जमिनीपासून तीन इंच जागा सोडा. फरशी धुताना कड भिजत नाही आणि वाळवी चढू लागली तर वेळेत दिसते.

पेगबोर्ड (हत्यारं टांगायचा भोकाभोकांचा बोर्ड) थेट भिंतीला टेकवला तर हूक आतच जात नाहीत. मागे अर्धा-पाऊण इंच जाडीची पट्टी हवी.

ग्राइंडर किंवा वेल्डिंग करत असाल तर त्या बाजूला वॉलपेपर, फोमची चिकटपॅनेल आणि पीव्हीसी अजिबात नको. वेल्डिंगच्या जागेपासून ३५ फुटांच्या आत जळाऊ सामान ठेवू नये, असा दंडक आहे. घरच्या खोलीत एवढी जागा कुठून आणणार? तिथे गिलावा उघडाच ठेवा किंवा सिमेंट फायबर बोर्ड लावा, आणि लाकडाचा भुसा आधी झाडून काढा.

टेक्श्चर पेंटच्या खाचांत धूळ बसते. साधा पांढरा, पुसता येणारा रंग बरा.

पॅनेल आधीच लावलंय आणि फुगतंय? सगळं उखडू नका. तळाचा एक तुकडा काढून मागची भिंत बघा. नव्याने लावताना गोंद टाळून स्क्रूच वापरा, आणि झाकण्याआधी वायरिंगचे फोटो काढून ठेवा.